खानझोडे काकांचं बिननावाचं फोल्डर

खानझोडे काका कॉम्प्युटरवरचं कुठलंही फोल्डर उघडण्याआधी पडद्यावर टकटक करायचे. थट्टेने नाही. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून, त्या पिवळ्या चित्रावर दोनदा, हलकेच. मग मान किंचित तिरकी करून थांबायचे. तेवढ्या वेळात बघणाराही नकळत कान देतो. आतून कोणी ओ दिलेली मी कधी ऐकली नाही, पण ती आली नाही याचं काकांना दर वेळी थोडं नवल वाटत असावं.

"काका, हे काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आत कोणी असन तर?"

"फोल्डरमध्ये?"

"मग? तुझ्या घरात कोणी न ठोकता शिरलं तर चालते का तुला?"

मला चालत नाही, त्यामुळे मी गप्प बसलो.

आमचं ऑफिस जबलपूरच्या सिविल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात होतं. छत इतकं उंच की पंख्याचा वारा खाली येईपर्यंत गरम व्हायचा. मागच्या पडवीवर टिनाचं छप्पर आणि त्यावर ओणवलेलं जांभळाचं झाड. जूनमध्ये दिवसभर वरून टप्, टप् आवाज. नव्या माणसाला वाटायचं वर कोणीतरी चालतंय. जुन्यांनाही तसंच वाटायचं, फक्त ते बोलून दाखवत नसत.

मालक तिवारीजी, प्रोग्रॅम लिहिणारा मी, पडद्यावरची चित्रं आणि रंग बघणारी रश्मी, अशी आमची फौज. आम्ही जुनी कागदपत्रं स्कॅन करून ठेवायचं सॉफ्टवेअर बनवत होतो. कॉम्प्युटरच्या तीन जाती आहेत, तिघींचं एकमेकींशी पटत नाही, आणि आमचं सॉफ्टवेअर तिन्हींवर सारखं चाललं पाहिजे अशी इंदूरच्या गिऱ्हाइकाची अट होती. सॉफ्टवेअर सुरू केलं की ते पहिला प्रश्न विचारतं, कागद कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचे? ते निवडायला एक छोटी खिडकी उघडते. जगात कोणीही तिच्याकडे दोन सेकंदांपेक्षा जास्त बघत नाही. काका तिच्याकडे सहा महिने बघत होते.

काकांना तिवारीजींनीच आणलं होतं. "इन्होंने जिंदगी भर फाइलें सँभाली हैं," ते म्हणाले, "ये जाँचेंगे. जो चीज इनके हाथ से निकले, समझो पक्की." एका संरक्षण कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये काकांनी तीस-बत्तीस वर्षं काढली होती. तिथे दर वर्षी छँटाई व्हायची. जुन्या फाइलींच्या ढिगातून रिकामी कव्हरं वेगळी काढायची आणि त्याच दिवशी बाहेर घालवायची. बाकीचे लोक एकेक कव्हर उघडून बघत. काका नुसतं उचलत. आत एक कागद जरी असला तरी हाताला कळायचं. या कलेबद्दल साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती, हे आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागे.

आमच्याकडे आल्यावरही त्यांनी जुनी शिस्त सोडली नाही. तपासणीचा अहवाल कॉम्प्युटरवर लिहायचा असूनही ते कागदावर लिहीत, भोक पाडून लाल फितीने बांधत आणि माझ्या टेबलावर ठेवून "पोचलं" एवढं म्हणून जात. त्या छोट्या चौकोनाला आम्ही खिडकी म्हणायचो, तर तेही त्यांना खपत नसे. "खिडकीतून माणूस बघते. इथून तर आत जायचं आहे. हे दार आहे, भैया."

तर या दारावर काकांचा एकच आक्षेप होता. फोल्डर निवडायची खिडकी आपण स्वतः बनवत नाही, कॉम्प्युटर जी देतो तीच वापरतो. तीनपैकी दोन कॉम्प्युटरांच्या खिडकीत फक्त फोल्डरं दिसतात. आतल्या फाइली दिसत नाहीत. फोल्डरच निवडायचं आहे ना, मग फाइली कशाला दाखवायच्या, असा त्यामागचा विचार. त्यामुळे शंभर फाइलींनी भरलेलं फोल्डरही त्या खिडकीत रिकामं दिसतं. तिसरा कॉम्प्युटर मात्र फाइली फिकट रंगात दाखवतो. काका अहवालात दर वेळी एकच ओळ लिहीत. 'दार आतलं दाखवत नाही. मंजूर नाही.'

मी त्यांना चार वेळा समजावलं. सगळ्या दुनियेत हीच खिडकी चालते, आपली स्वतःची लिहायची तर दोन आठवडे जातील. तसं पाहिलं तर मला ते काम नको होतं. आळस लपवायला दुनिया फार बरी पडते.

आणि मग ते बिननावाचं फोल्डर दिसायला लागलं.

एका सकाळी खिडकी उघडली तर यादीत सगळ्यात वर एक पिवळं चित्र, आणि खाली नाव नाही. कोरी जागा. मी उघडलं, तर आत काही नाही. असेल काहीतरी कचरा म्हणून मी खिडकीतूनच ते काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते परत तिथेच. पुन्हा काढलं. तिसऱ्या दिवशी परत. बाजूच्या कॉम्प्युटरवर बघितलं, तर तिथेही तसंच बिननावाचं, तसंच रिकामं. या दोन कॉम्प्युटरांचा आपसात काही संबंध नव्हता, मध्ये साधी तारसुद्धा नव्हती. मी माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून काढला. असं फोल्डर बनवणारी एकही ओळ त्यात नव्हती.

मग तिसऱ्या कॉम्प्युटरवर गेलो. तिथेही ते होतं. आणि आत, फिकट राखाडी अक्षरांत, एक फाईल दिसत होती.

दोन कॉम्प्युटर म्हणत होते आत कोणी नाही, आणि तिसरा म्हणत होता आहे. आता यात घाबरण्यासारखं काय आहे हे मला प्रोग्रॅमर म्हणून नीट माहीत होतं. काहीही नाही. तरी मी ती फाईल न उघडता उठलो आणि बाहेर जाऊन पाणी प्यालो.

त्याच आठवड्यात रश्मीचा प्रकार घडला. भर दुपार, नवतपा चालू, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. नवतप्यात जबलपूरच्या रस्त्यांवर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही. तिवारीजी घरी जेवायला गेलेले, मी पडवीत. रश्मी पांढरी होऊन बाहेर आली.

"खानझोड़े जी के कमरे में कोई औरत है."

"कोण औरत?"

"पता नहीं. बर्तन रख रही है."

मी हसलो, पण तिच्यापुढे जायची वेळ आली तेव्हा चप्पल शोधण्यात बराच वेळ घालवला. काकांच्या खोलीचं दार उघडं होतं. खुर्ची रिकामी. टेबलावर त्यांचा डबा, झाकण लावलेला. आणि खोलीत खरोखरच कोणीतरी काम करत होतं. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग बांगड्या. मग तेलात मोहरी तडतडली. स्वयंपाकघर तर सोडाच, त्या खोलीत साधा स्टोव्हही नव्हता. मला भाजीचा वास आला अशी मी शपथ घेईन, आणि तो काकांच्या डब्याचा असेल हे सुचायला मला दोन दिवस लागले. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला, आणि त्या बाईचं कामही तिथल्या तिथे थांबलं. वरून टिनावर एक जांभूळ पडलं तेव्हा रश्मीने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ होता.

काका नळावरून हात धुऊन आले. आमच्याकडे बघितलं, टेबलाखालच्या स्पीकरकडे बघितलं, आणि त्याची वायर काढून खिशात ठेवली.

"काका, कोण होतं?" मी विचारलं.

"जेवून राहिलो होतो," ते म्हणाले. एवढंच.

पुढच्या सोमवारी तिवारीजींचा धीर सुटला. इंदूरहून रोज फोन येत होते आणि काका सही करत नव्हते. "शुक्रवार तक साइन कर दें," तिवारीजी मला म्हणाले, "नहीं तो सोमवार से घर पे आराम करें. तुम मराठी में समझा दो, तुम्हारी बात मानेंगे." मराठीत सांगितलं की कटू गोष्ट गोड होते, असा त्यांचा समज होता. मी गुरुवारपर्यंत टाळलं. गुरुवारी दुपारी काकांच्या खोलीत गेलो तेव्हा माझंही डोकं तापलेलं होतं.

"काका, उद्या सही करा. नाहीतर तिवारीजी तुम्हाला काढून राहिले."

"काढू दे."

"एका खिडकीसाठी?"

"दारासाठी."

"अहो, फोल्डर रिकामं दिसलं तर असं काय बिघडतं कोणाचं? हे बघा." मी त्यांचा माऊस घेतला, खिडकी उघडली, ते बिननावाचं फोल्डर निवडलं. "हे मी चार वेळा काढून टाकलं. कोणाचं काय झालं? हे पुन्हा काढतो."

काकांनी माझं मनगट धरलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. चेहरा पार उतरला होता.

"तू होता का तो?" ते म्हणाले. "मी समजून राहिलो होतो, कॉम्प्युटर स्वतःच पुसते. दार आतलं दाखवते का बघायला रोज सकाळी लवकर येऊन तिन्हीकडे परत टाकत होतो मी. काहून काढलं तू?"

"रिकामं दिसलं म्हणून," मी म्हणालो. म्हणता म्हणता माझा आवाज खाली आला.

काका शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून दोन्ही हातांत धरून बसले.

"मलाही रिकामंच दिसलं होतं," ते म्हणाले.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक कॅनडात, नात तिकडेच जन्मलेली. नातीला मराठी समजायची, बोलता येत नव्हती. काकूंना ते लागून राहिलं होतं. म्हणून त्या घरच्या कॉम्प्युटरपुढे बसून रोज काहीतरी बोलून ठेवायच्या. कधी पिठल्याची कृती, कधी बरगीच्या धरणावर नावेत बसलो तेव्हा आजोबा कसे घाबरले ते, कधी नुसतं रागवायचं कसं ते. स्वयंपाक करतानासुद्धा कॉम्प्युटर ओट्याजवळ ठेवून रेकॉर्डिंग चालू. दीडशेच्या वर फाइली झाल्या होत्या. काकू गेल्या, दिवसपाणी झालं, लेक परत जायला निघाली तेव्हा म्हणाली, बाबा, आईचं बोलणं मला सगळं कॉपी करून द्या.

"मी पेन ड्राइव्ह लावला," काका म्हणाले. "कुठलं फोल्डर घ्यायचं, विचारलं त्यानं. हीच खिडकी. उघडून बघतो तर आत काहीच नाही. म्हटलं हे रिकामं आहे, खरं दुसरीकडे असन. आणि रिकामं कव्हर मी कधी ठेवलं नाही, तुला माहीत आहे. काढलं. छँटाईचा माल त्याच दिवशी बाहेर, म्हणून कचऱ्याची टोपलीही साफ केली." त्यांनी पेन ड्राइव्ह तळहातावर तोलून बघितला. "कारखान्यात उचललं की कळायचं, बाबू. याला वजनच नसते."

सदर बाजारातल्या एका दुकानदाराने आठ दिवस खटपट करून एक फाईल परत आणून दिली होती. एकच. लेकीला काकांनी सांगितलं होतं की कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला आहे. दोन वर्षं ती दर रविवारी फोनवर विचारत होती, झाला का? आणि हे सांगत होते, झालाच आता.

"मग जी एक आहे ती तरी पाठवायची ना."

काकांनी मान हलवली. नाही, एवढंच.

"आणि फोल्डरला नाव काहून नाही दिलं?"

"काय देऊ? चाळीस वर्षं अगं म्हणूनच हाक मारली. आता तिचं नाव घेऊन फोल्डर बनवू?"

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिवारीजींकडे जाऊन सरळ सांगितलं, खिडकी चुकीची आहे, चूक माझी आहे, मला पंधरा दिवस द्या. तिवारीजी खूप ओरडले. मग दहा दिवस दिले. मी आयुष्यात पहिल्यांदा कामाला चिकटून बसलो. तिन्ही कॉम्प्युटरांवर अगदी एकसारखी दिसणारी आपली खिडकी लिहिली. आतल्या फाइली फिकट रंगात दिसायच्या, आणि खाली एक ओळ यायची की या फोल्डरमध्ये इतक्या फाइली आहेत. काढून टाकायची सोय मी त्या खिडकीतून काढूनच टाकली. ज्याला काही मोडायचं असेल त्याने दुसरीकडून जावं.

दहाव्या दिवशी काकांनी तपासलं. एका कॉम्प्युटरवर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. तिन्हीकडे खाली तीच ओळ आली, 'या फोल्डरमध्ये १ फाईल आहे.' काकांनी ती ओळ तिन्ही वेळा मोठ्याने वाचली. मग अहवालावर सही केली, फीत बांधली, आणि स्पीकरची वायर लावत मला म्हणाले, "बस. ऐक."

फाईल अकरा-बारा मिनिटांची होती. पातेलं, बांगड्या, मोहरी. काकू नातीला सांगत होत्या, हिंग आधी नाही बाळा, मोहरी उडाल्यावर. आवाज बारीक, हसरा. मग त्या मशीनपासून वळल्या असाव्यात, कारण आवाज लांब गेला.

"अहो, चला, जेवून घ्या."

काही नाही. झाकणाचा आवाज.

"अहो."

पुन्हा काही नाही. बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.

"अहो, वाढून राहिले मी!"

मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. त्या शांततेत कोणीतरी ओ द्यावी असं मला इतकं वाटत होतं की मीच देणार होतो. मग काकू जवळ येऊन, हळूच, हसत म्हणाल्या, "तुझे आजोबा कागदात शिरले की त्यांना ऐकू नाही येत." आणि फाईल संपली.

"ऐकू येऊन राहिलं होतं," काका म्हणाले. "बाजूच्याच खोलीत होतो. म्हटलं हातातलं झालं की उठतो. दीडशेतून वाचली ती हीच, बाबू. ही कशी पाठवू पोरीला?"

मी म्हणालो, "काका, पाठवा. त्यात तुम्ही नाही, पण काकू आहेत." हे बोलणं बरोबर होतं की नाही, अजूनही माहीत नाही. काकांनी त्या रात्री ती पाठवली, आणि बाकीच्या फाइलींचं काय झालं तेही लिहून कळवलं.

लेकीचं उत्तर आलं नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. रविवारी सकाळी काकांनी मला घरी बोलावलं. "फोन यायची वेळ आहे," एवढंच म्हणाले. एकट्याने तो घ्यायची त्यांची हिंमत नव्हती हे मला कळलं. घर लख्ख होतं. प्रत्येक वस्तू जागच्या जागी, आणि जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा, बांधून ठेवलेला.

फोन वाजला. पडद्यावर लेक होती, डोळे सुजलेले. इकडची सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. मागे टेबलावर ताटं मांडलेली दिसत होती. लेकीने डोळे पुसले, फोन खाली केला, आणि सात वर्षांची एक मुलगी पडद्यात आली. तिने आईकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "चला, जेवून घ्या."

तोच सूर. शब्दाच्या शेवटी तसंच किंचित हसू. तोंडात मराठी कधी न घेतलेल्या त्या पोरीच्या गळ्यातून काकू जशाच्या तशा बोलल्या. ती फाईल तिने चार दिवसांत किती वेळा ऐकली असेल कोण जाणे.

काका खुर्चीतून उठले. "आलो," ते म्हणाले. "आलो, आलो." फोन टेबलावर तसाच ठेवून ते खरोखरच चालू लागले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथे चौकटीला हात लावून उभे राहिले. मी हाक मारली नाही. पडद्यावर नात वाट बघत होती.

थोड्या वेळाने ते परत आले, चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला आणि फोन हातात घेतला.

"जेवलो नाही अजून, बेटा," ते म्हणाले. "तू बस ताटावर. मीही आणतो माझं."